तिसरे दरपत्रक

आपल्या वडिलांनी, नानांनी, समुद्र पाहिलेला नाही, हे रविकांतला एकोणीसशे त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी, उजव्या गालाची दाढी झालेली आणि डाव्या गालाला साबण लागलेला अशा अवस्थेत कळलं. नाना नगरजवळ केडगावच्या आपल्या दोन खोल्यांपुढच्या ओट्यावर आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र नाकाला लावून वाचत होते. अलीकडे ते पेपर वाचत नसून हुंगत असावेत असं लांबून वाटायचं. उजवा डोळा काचबिंदूने आधीच नेला होता. डाव्याबद्दल विचारलं की डॉक्टर खिडकीबाहेर बघायचे आणि शेवटी एकदा म्हणाले होते, की यंदाचा आकाशकंदील दिसेल, नक्षी दिसेलच असं नाही. "मुंबईला उधाण येणार म्हणे," नाना म्हणाले. "बघायला हवं एकदा." रविकांतने आरशातूनच विचारलं, "आता कितव्यांदा?" "पहिल्यांदा," नाना म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

वस्तरा गालापासून बोटभर अंतरावर थांबला. रविकांत स्वतः सहावीत नानांच्या वर्गात होता, आणि नानांनी समुद्र शिकवला त्या दिवशी त्याच्या चड्डीचा काठ ओला झाला होता, हे तो शपथेवर सांगू शकला असता. नाना घरून पितळेची परात आणायचे. शाळेच्या रांजणातलं तांब्याभर पाणी तिच्यात ओतायचे, दोन्ही हातांनी परात उचलून अगदी सावकाश एका बाजूला कलती करायचे आणि म्हणायचे, "आता चंद्र तिकडे आहे." साठ पोरं परातीतल्या पाण्याबरोबर डावीकडे कलायची. मग नाना बोलू लागायचे. लाटेचा आवाज आधी येतो की लाट, फेस वाळूत जिरताना कसा चुरचुरतो, पायाखालची वाळू सरकते तेव्हा माणसाला क्षणभर आपणच मागे निघालोय असं का वाटतं. त्या तासाला मागच्या बाकावर बसलेल्या श्रीमंत नावाच्या धट्ट्याकट्ट्या पोराला बोट लागली. तो सगळ्यांदेखत खिडकीतून ओकला. हेडमास्तरांनी त्याला घरी सोडलं आणि रजेच्या कारणात 'समुद्र' असं लिहिलं. नगरच्या त्या शाळेपासून जवळात जवळ समुद्र दीडशे मैलांवर होता. दरवर्षी नानांच्या वर्गात तो ठरल्या आठवड्यात यायचा, पस्तीस मिनिटं थांबायचा आणि घंटा झाली की परातीतून जास्वंदीच्या आळ्यात जायचा. एकतीस वर्षं. हा मनुष्य तरुणपणी कुठल्याशा किनाऱ्यावर वर्षानुवर्षं राहिला असला पाहिजे, असं सगळ्यांनीच परस्पर धरून ठेवलेलं होतं. कोणी विचारलं नव्हतं, कारण ओल्या माणसाला तू भिजलास का असं कोणी विचारत नाही.

"मग ते सगळं, नाना?" रविकांतने विचारलं. "पुस्तकात होतं," नाना म्हणाले. "पुस्तकात अडीच पानं आहेत." "तास पस्तीस मिनिटांचा असतो. उरलेला भरायला लागतो."

रविकांत तशाच अर्ध्या दाढीने सायकलवर बसून पुणे रस्त्याने ऑफिसला गेला. दिवसभर त्याला कोणी काही बोललं नाही. सगळा जिल्हा पाणी वाचवत होता आणि एका गालावरच भागवणारा सरकारी नोकर म्हणून दोघातिघांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. त्याला मात्र दिवसभर टेबल कलल्यासारखं वाटत होतं. नानांनी आपल्याला फसवलं असं त्याला वाटायला हवं होतं. तसं तो मनाशी दोनतीनदा म्हणूनही पाहत होता, पण ते काही लागू पडेना. ज्याने पाहिलंय त्याने सांगणं यात काय मोठं. हा मनुष्य तांब्याभर पाण्यावर उभा राहून साठ जणांना बुडवत होता. रविकांतला एकदम बारीक बारीक वाटायला लागलं, आणि मग नानांचा डावा डोळा आठवला. आकाशकंदील लागायच्या आत हा मनुष्य समुद्रावर नेला पाहिजे. नुसता काठावर नव्हे, आत. नाना, बायको इंदू, आठ वर्षांची मुलगी नीलांबरी आणि आपण, असे चौघं बोटीत बसून मुंबईहून गोव्याला. हे मनात आलं, आणि लगोलग पुढचा प्रश्न आला की ठरवायचं कसं.

कारण रविकांतला ठरवण्याची एकच रीत येत होती. तो एका सरकारी कचेरीच्या खरेदी शाखेत अकरा वर्षं कारकून होता. त्या शाखेत टाचणीसुद्धा तीन दरपत्रकांशिवाय येत नसे. तीन ठिकाणांहून भाव मागवायचे, आडव्या कागदावर तुलनात्मक तक्ता आखायचा, सर्वात कमी दराचा मनुष्य घ्यायचा आणि सर्वात कमी दर नाकारायचा झाला तर शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं. त्याच्या हाडात हे असं मुरलं होतं की नीलांबरीचं दप्तर, स्वयंपाकघरातला कंदील आणि खुद्द इंदू या सर्वांचे तक्ते त्याच्या ट्रंकेत होते. इंदूच्या तक्त्यात ती तिसरी होती आणि शेऱ्यात 'चहा उत्तम' लिहिलेलं होतं. लग्नानंतर वर्षाने तिला तो कागद सापडला तेव्हा तिने आधी इतर दोघींचा चहा कसा होता ते विचारून घेतलं आणि मग तो कागद जपून परत ठेवला. यंदा तर शाखेत दुसरं कामच नव्हतं. गावोगाव टँकर लावायचे होते आणि पाण्याचे भाव रोज त्याच्या टेबलावर येऊन पडत होते. अमुक विहिरीवरून तमुक गावाला, दर फेरी इतके. दिवसभर तो पाणी कागदावर एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात ओतायचा आणि संध्याकाळी घसा कोरडा घेऊन घरी यायचा. या सगळ्या फेऱ्या एकत्र केल्या तर समुद्राचा किती भाग होईल, असा हिशेब त्याने एकदा समासात मांडला आणि तिसऱ्या ओळीत पेन्सिल खाली ठेवली.

त्याने तीन पत्रं टाकली. एक मुंबईच्या बोट कंपनीला, एक मुंबईच्याच कुठल्याशा पर्यटनवाल्यांना, आणि एक कोकणातल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने एका गलबतवाल्याला. 'कुटुंबातील चार व्यक्तींस समुद्र दाखविणेकामी आपले कमीत कमी दर मोहोरबंद लखोट्यात पाठवावेत' असा मजकूर होता. आपण हे विचित्र काही लिहितोय असं त्याला वाटलं नाही. पंधरा दिवसांनी बोट कंपनीचं, वर बोटीचं चित्र छापलेलं पाकीट ऑफिसच्या पत्त्यावर आलं, ते शिपाई गोरक्षने आणून टेबलावर ठेवलं आणि तो तिथेच उभा राहिला. गोरक्ष पाथर्डीकडचा, पन्नाशीचा, आणि कुठलाही कागद आधी आपण बघून मग साहेबांना दाखवणारा.

"सायब, ह्यो कुठला टँकर?"

"टँकर नाही, बोट आहे."

"पानी आनती का पान्यात जाती?"

"पाण्यात जाते."

"मंग हितं कशाला तिचा कागुद?" गोरक्षने चित्राकडे पुन्हा पाहिलं. "आन् खाली समदं पानीच हाय व्हय? कुनाच्या मालकीचं?"

"कोणाच्याच नाही."

गोरक्षने पाकीट उलटं करून मागची बाजू पाहिली. मग म्हणाला, "पेता येत न्हाई म्हनत्यात." "नाही येत." "तरीच," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन स्टुलावर बसला. दुपारनंतर पुन्हा आत आला. त्याची बायको आक्काबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिला तो जेवणाच्या सुट्टीत विचारून आला होता. "आक्काबाई म्हनली, गेला तर बाटलीत आना जरा. प्याया न्हाई. बघाया."

पाकिटात दरांचा छापील कागद होता आणि बोटीचा उभा छेद दाखवणारा एक नकाशा. रविकांत त्या नकाशात पडला. दुसरा शब्द नाही. खाली यंत्रं, त्यावर मालाचं पोट, त्यावर खालचा डेक, मग वरचा डेक, मग केबिना, सगळ्यांच्या वर धुराडं आणि डोलकाठी, आणि हे सगळं ज्यावर उभं ते मात्र नुसत्या तीन नागमोडी रेघांनी दाखवलेलं. एवढं मोठं लोखंडाचं घर त्या तीन रेघांच्या भरवशावर. खालच्या डेकचं भाडं माणशी अठरा रुपये, जागा धरेल त्याची, शेजारी मालाच्या पेट्या आणि कोंबड्या. वरच्या डेकचं सत्तावीस, वारा मुबलक, उन्हाला कापडी आडोसा. केबिनचं भाडं चौघांचं मिळून रविकांतच्या पगाराच्या पलीकडे जात होतं, पण तिच्यात गादी होती, पंखा होता आणि ताटाएवढी गोल खिडकी होती. म्हणजे सगळ्यात जास्त पैसे भरणाऱ्याला सगळ्यात कमी समुद्र. रविकांतने हा निष्कर्ष तीनदा तपासला. त्याच्या अकरा वर्षांत असा माल आला नव्हता, की दर वाढत जावा तसा मालच घटत जावा. आणि खरी गोम पुढेच होती. तक्त्यात दर, जागा, जेवण, पाणी, शेरा असे रकाने आखल्यावर समुद्र कुठल्या रकान्यात घालायचा ते त्याला समजेना. 'पाणी' या रकान्यात त्याने 'पिण्याचे, नळाचे' असं भरलं आणि बोट ज्यावर चालणार होती ते सगळं पाणी तक्त्याबाहेर राहिलं. गलबतवाल्याचं उत्तर आठ दिवसांनी पोस्टकार्डावर आलं. भाडं नको, चौघं खुशाल या, मात्र वाटेत मासे निवडू लागावं लागेल, जेवण जे सापडेल ते. इंदूने ते पोस्टकार्ड मोठ्याने वाचलं, नाना खुर्चीत हसले, आणि रविकांतने गंभीरपणे जेवणाच्या रकान्यात 'जे सापडेल ते' असं लिहून शेऱ्यात 'शाकाहारी कुटुंबास अडचणीचे' अशी नोंद केली. पर्यटनवाले काही बोलेनात.

एप्रिल गेला. रविकांतने स्मरणपत्र पाठवलं, मग दुसरं पाठवलं. मे निम्मा झाला. बोटी पावसाळ्यात बंद असतात आणि महिनाअखेरची ती शेवटची, असं दरांच्या कागदाच्या तळाशी बारीक टाइपात छापलेलं होतं. त्या बारीक टाइपावर रविकांतची नजर रोज जायची आणि तिथून नानांकडे. नाना आता पेपर हुंगतही नव्हते. नीलांबरीला वाचायला लावायचे आणि ती बातम्या गाळून फक्त सिनेमाच्या जाहिराती वाचायची. एकदा दुपारी त्यांनी समोर ठेवलेल्या पेल्याच्या शेजारी हात नेला, तिथे पेला नव्हता, आणि तो हात त्यांनी आपण मुद्दामच टेबलावरून फिरवत होतो असा सावकाश फिरवून परत घेतला. रविकांतने ते पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवलं. दोघंही त्या कामात तरबेज होत चालले होते. तरी दोन दरपत्रकांवर त्याचा हात चालेना. हात उचलायचा, पण टाकापर्यंत जाऊन थांबायचा. यात आपलं काहीतरी भयंकर चुकतंय, हे त्याला सायकलवर कळायचं आणि टेबलाशी बसलं की कळायचं बंद व्हायचं.

"अहो," इंदू एका संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "माझ्या वेळी तिसरं स्थळ आलं नसतं तर काय केलं असतंत?"

"फेर मागवलं असतं."

"आणि तोवर मी बसले असते होय तुमच्यासाठी? पहिल्या दोघींतल्या एकीच्या हातचा चहा पीत बसला असतात जन्मभर." तिने भाकरी उलटली. "नानांचे डोळे काही तुमचं स्मरणपत्र वाचायला थांबलेले नाहीत. वाचताही येणार नाही त्यांना."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी रविकांतने तक्ता उघडला तर तिसरी ओळ भरलेली होती. शाळेच्या फळ्यावर लिहावं तेवढ्या मोठ्या अक्षरात, जाड पेन्सिलीने, रेघा ओलांडत, एका रकान्यातलं अक्षर दुसऱ्यात पाय सोडून बसलेलं. दरपत्रक देणाऱ्याचं नाव: नृसिंह मास्तर, केडगाव. साधन: आरामखुर्ची. दर: काही नाही. जागा: ऐसपैस. जेवण: इंदूच्या हातचं. पाणी: एक तांब्या. मुदत: केव्हाही, पावसाळ्यातसुद्धा. खाली सही होती. ती सही रविकांतने प्रगतिपुस्तकावर जितकी पाहिली होती तितकीच ताठ होती, फक्त शेवटची रेघ कागद संपल्यावरही टेबलावर दोन इंच पुढे गेली होती.

त्याला आधी हसू आलं. ते अर्ध्यावर असताना त्याच्या लक्षात आलं की तीन दरपत्रकं झाली. नियमाप्रमाणे तक्ता पुरा झाला. आणि नियमाप्रमाणे सर्वात कमी दर खुर्चीचा होता. हा मनुष्य एकतीस वर्षं परीक्षक होता, त्याला नियमाच्या कुठल्या फटीतून शिरायचं ते बरोबर ठाऊक होतं. रविकांत तक्ता घेऊन ओट्यावर गेला. नानांनी पावलं ओळखून मान वळवली.

"आलं ना तिसरं? मंजूर करून टाक. पैसे वाचतील. नीलूला सायकल घे."

"नाना, पैशांसाठी नाही केलंत तुम्ही हे."

रस्त्यावरून एक रिकामा टँकर खडखडत गेला, त्याच्या मागे दोन बायका हंडे घेऊन उगीचच थोडं अंतर चालल्या आणि थांबल्या. "दर वर्षी साठ पोरं," नाना म्हणाले. "एकतीस वर्षं. गुणाकार कर. कोण कलेक्टर झालाय, कोण मिलिटरीत आहे, कोण वारला. आता मी तिथे गेलो आणि तो तसा नसलाच, तर कोणाकोणाला पत्रं घालू? आणि श्रीमंतला काय सांगू, की तू उगाच ओकलास?"

हे ते हसत म्हणाले, पण त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट होता. रविकांतला आपला बाप पहिल्यांदाच घाबरलेला दिसला, आणि समुद्र मोठा असतो म्हणजे किती मोठा, ते त्याला त्या हाताकडे बघून कळलं. एवढ्या लांबून, इतक्या वर्षांनी, न पाहिलेला असून तो माणसाला खुर्ची धरायला लावत होता. रविकांत तिथेच ओट्यावर टेकला. तक्ता मांडीवर घेतला. अकरा वर्षांत त्याने सर्वात कमी दर एकदाही नाकारला नव्हता. कारण लिहावं लागतं, आणि ते कारण वरपर्यंत जातं. त्याने टाक शाईत बुडवला, नानांच्या ओळीपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात, बारीक, सरळ, कचेरीच्या अक्षरात लिहिलं, आणि वाळायची वाट न बघता वाचून दाखवलं. "दर कमी असला तरी अमान्य. दरपत्रक देणाऱ्याने स्वतः माल पाहिलेला नाही."

नानांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. त्याने वाचलं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे इंदू ऐकत होती. नानांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. ते बहुधा त्या वाक्यात कुठे गुण कापता येतो का ते पाहत होते. पुष्कळ वेळाने त्यांनी विचारलं, "वरचा डेक पाण्यापासून किती उंच आहे?"

रविकांत आतून नकाशा घेऊन आला. "उभं राहिलं तर डोळे चोवीस फुटांवर येतील."

"दीडपट कर."

"छत्तीस."

"वर्गमूळ."

"सहा."

"सहा मैल दिसेल," नाना म्हणाले. "काठावर उभ्या माणसाला तीनच दिसतो. तीन म्हणजे आपल्या घरापासून तुझं ऑफिस. तेवढ्यासाठी मुंबईपर्यंत जाऊ नये. खालच्या डेकवर चारला कमीच. केबिनवाल्यांना ताटभर. वरचा डेक घे. नऊ रुपये जास्त आहेत, पण मैलाच्या भावाने बघशील तर स्वस्त." आणि मग त्याच आवाजात, "शेवटची कधीची आहे?"

शेवटची तीसची होती. सकाळी दहाला ती सुटली तेव्हा धक्क्यावर इतका गलका होता की समुद्राकडे कोणी पाहतच नव्हतं. इंदू ट्रंकेवर बसली होती, नीलांबरीने दोनदा टोपी वाऱ्यावर घालवता घालवता वाचवली, आणि तिच्या पिशवीत आक्काबाईसाठी औषधाची एक धुतलेली बाटली होती. रविकांत नानांचा दंड धरून मागच्या कठड्यापाशी उभा होता. त्याने सकाळपासून एकदाही 'कसा आहे' असं विचारलं नव्हतं. पाणी त्याला स्वतःला बघवत नव्हतं. ते हिरवं होतं, मग करडं, मग त्याला नाव नव्हतं. सगळं मिळून श्वास घेत असल्यासारखं वर यायचं आणि खाली जायचं, आणि त्याच्या आयुष्यातले सगळे तक्ते, सगळ्या फेऱ्या, सगळे रकाने त्यात कुठेतरी बुडुक करून गेले आणि आवाजसुद्धा झाला नाही. पायाखालचा डेक डावीकडे कलला. रविकांत कलला, इंदूची ट्रंक कलली, अख्ख्या डेकवरची माणसं परातीतल्या पाण्यासारखी एका बाजूला गेली. एकटे नाना ताठ होते. त्यांना कल आधीपासून माहीत होता.

"मला उजेड दिसतोय," नाना म्हणाले. "पुष्कळ. बाकीचं तू सांग. आपण किनारा सोडून किती वेळ झाला?"

"तास झाला असेल."

"किनारा दिसतो?"

"दिसतो, नाना. घरं आहेत. गिरणीची चिमणी आहे. मागे डोंगर."

"घरांचे खालचे मजले बघ. नीट बघ. खोटं सांगू नको, मी तुझे पेपर तपासलेले आहेत."

रविकांतने पाहिलं. डोळ्यांत खारं वारं जात होतं, ते त्याने पुसलं आणि पुन्हा पाहिलं. घरं पायापासून पाण्यात उतरली होती. खालचे मजले नव्हते. खिडक्यांची वरची ओळ तेवढी पाण्यावर टेकून उभी होती, आणि मग ती नव्हती. चिमणी होती. "खालचे गेले, नाना," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज सहावीतल्या मुलासारखा निघाला. "चिमणी?" "आहे अजून." "हळूहळू जाईल. आधी बूड, मग कंबर, मग टोक," नाना म्हणाले. "दर वर्षी फळ्यावर काढायचो. गोल पृथ्वी, काठावर एक माणूस, आणि लांब चाललेलं जहाज. आधी बूड जातं, शेवटी डोलकाठी." ते थांबले. त्यांचा हात कठड्यावरून सुटला होता. "रवी, आत्ता त्या काठावर कोणी उभा असला, तर त्याला आपण निम्मे बुडालेले दिसत असू."

"हो, नाना."

"म्हणजे ते जहाज आपण."

नानांनी डोक्यावरची काळी टोपी काढली, हातातल्या काठीच्या टोकावर ठेवली, आणि काठी दोन्ही हातांनी, परात उचलायचे तशी, सावकाश वर उचलत नेली. हात पुरले तिथवर नेली. शेजारचे लोक बघायला लागले. एक कोंबडीवाला खालून जिन्यात येऊन थबकला. "चिमणी आहे का अजून?" नानांनी मान न वळवता विचारलं. "टोक आहे," रविकांत म्हणाला. "मग त्यालाही आपलं टोक दिसत असेल," नाना म्हणाले, आणि काठी तशीच धरून टाचा उचलून उभे राहिले.